शेवटची रांग

रत्नागिरीच्या स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट बघितली आहे, त्या सगळ्यांना त्यांचा आवाज ठाऊक होता. चेहरा मात्र फार थोड्यांना. चौकशीच्या खिडकीमागे, जाळीच्या आत, माइकसमोर ते बसायचे. कंट्रोलर होते. "लांजामार्गे राजापूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," हे नोकरीतलं वाक्य. त्याच्यापुढे ते पदरचं एक जोडायचे, "प्रवाशांनी पळू नये. तुम्हाला सोडून गाडी कुठं जायची नाही." यावरून एकदा वरून समज आली. तेव्हा त्यांनी "जायची नाही"चं "जाणार नाही" केलं आणि साहेबांना कळवलं, की भाषा सुधारली आहे.

मी तेव्हा पावसहून कॉलेजला यायचे. त्या आवाजाने स्टँडवरच्या म्हाताऱ्या बायका खरोखर पळणं थांबवायच्या, पदर सावरायच्या आणि सावकाश चालू लागायच्या. गाडीही थांबलेली असायची. ड्रायव्हरलाही तो आवाज ऐकू जात होताच.

पुढे माझ्या मैत्रिणीने मला एका नाटकाच्या तालमीला नेलं. शाळेचा रिकामा वर्ग, भिंतीकडे सरकवलेले बाक. मी मागे उभी होते. पाठीमागून तोच आवाज आला, माइकशिवाय.

"तू पावसची ना गो?"

मी दचकून वळले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, हातात रुमालात बांधलेला डबा, अंगाने बारीक. एवढ्या लहान छातीत तो आवाज मावतो कुठे, हा माझा पहिला विचार.

"सकाळची पहिली गाडी. खिडकीजवळ बसतेस. सुटे पैसे हातात तयार ठेवतेस. अशी मुलगी आपल्याला पायजे."

मला अभिनय येत नाही, हे मी लगेच सांगून टाकलं.

"अभिनय करणारे पुष्कळ हायत. सामान सांभाळणारं कुणी नाय. परवाच्या प्रयोगात राजाला मुकुट मिळाला नाय, गो. टोपी घालून राज्य केलान."

अशी मी आमच्या हौशी मंडळात शिरले. सामानाच्या याद्या माझ्याकडे आल्या, पेट्यांच्या किल्ल्या आल्या आणि थोड्याच दिवसांत प्रॉम्प्टिंगही आलं. दिवसा मी एका काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते, अजूनही करते. कोणती गोष्ट कुठे आहे हे मला माहीत असावं लागतं, नाहीतर झोप येत नाही. त्यांचं बरोबर उलटं होतं. चष्मा, किल्ली, छत्री यातलं काहीही ते कुठेही विसरत. संहितेतला एक शब्द मात्र कधी विसरले नाहीत.

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मीही म्हणू लागले.

भाऊ मूळचे लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातले. घरची भातशेती, त्यांचे दोन्ही सख्खे भाऊ मुंबईला गिरणीत आणि नंतर गिरणी नसताना कुठे कुठे. हे एकटे मागे राहिले. गावच्या नमनात ते मावशी करायचे. नमनात गवळणींच्या घोळक्यात एक मावशी असते. ती पुरुषानेच करायची, लुगडं नेसून, आणि कृष्णाशी भांडून लोकांना हसवायचं. शिमग्याला मुंबईची माणसं गावात उतरली की विचारायची, "मावशी यंदा तोच ना?" तोच असला की मग सामान घरात न्यायची.

त्यांच्या गावात एक रिवाज होता. खेळ उठला की त्यातलं पद, त्यातलं वाक्य पुढच्या खेळापर्यंत कुणी तोंडातून काढायचं नाही. मृदंग वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना तो लहानपणी घालून दिला होता. "खेळ संपला की तोंड धू," तो म्हणायचा, "शिळं पद तोंडात ठेवू नको." भाऊंनी गाव सोडलं, लुगडं सोडलं, शहरात येऊन गंभीर नाटकं केली, पण हा रिवाज बरोबर आणला. पडदा पडला की विषय संपला. चहाच्या टपरीवर कुणी म्हटलं, "भाऊ, ते कोर्टातलं वाक्य एकदा म्हणा ना," तर ते म्हणायचे, "उद्या संध्याकाळी खेळ हाय. तिकीट काढून या."

आमच्या मंडळाचे एक आश्रयदाते होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भाऊंना आग्रहाने माइकपुढे उभं केलं. काहीतरी म्हणाच, आमच्या व्याह्यांना तुमचा आवाज ऐकायचाय. मंडप शांत झाला. भाऊंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "नवरा-नवरी फलाटावर लागत आहेत. पाहुण्यांनी पळू नये. जेवण भरपूर आहे." व्याही हसून लोळले. आश्रयदात्यांनी पुढचं वर्षभर नेपथ्याला लाकूड दिलं नाही.

आवाज टेपवर घ्यायलाही त्यांची तयारी नसायची. प्रयोग चालू असताना कुणी मोबाइल वर केला की ते मध्येच थांबायचे आणि तो खाली जाईपर्यंत त्या माणसाकडे बघत राहायचे. "आवाज डब्यात ठेवला की आंबतो," हे त्यांचं म्हणणं. मला ते अव्यवहारी वाटायचं. मी तसं सांगितलंही. मंडळाची सगळी कागदपत्रं जपून ठेवायची, आणि ज्यासाठी लोक येतात तोच तेवढा ठेवायचा नाही, हे कसं?

"लोक येतात ना? मग झालं," ते म्हणाले.

प्रॉम्प्टिंगचा त्यांचा नियम वेगळा होता. इतर नट अडखळले की मी विंगेतून पुढचं वाक्य द्यायचे. भाऊंना वाक्य द्यायचं नाही. फक्त पहिला शब्द. आणि तोही त्यांनी मागितला तरच. "मी गप्प झालो म्हणजे विसरलो असं नाय, बाय. गप्प बसणं हे पण वाक्य हाय. खरंच विसरलो तर हात बघ." उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपटली की शब्द द्यायचा.

एका स्पर्धेला मी तापाने आजारी होते आणि माझ्या जागी एक नवखे गृहस्थ बसले होते. बाप मुलाच्या प्रेताशेजारी बसला आहे असा प्रसंग. भाऊ गप्प झाले. थिएटरही गप्प. त्या गृहस्थांना घाम फुटला आणि त्यांनी विंगेतून चांगलं खणखणीत वाक्य टाकलं. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. भाऊंनी सावकाश मान वळवली, विंगेकडे बघितलं आणि त्या बापाच्याच आवाजात म्हणाले, "समजतंय हो मला. जरा बसू द्या की त्याच्याजवळ." लोकांना वाटलं, विंगेत शेजारी उभे आहेत. बायका रडल्या. बक्षीस त्या वर्षी मिळालं ते त्या वाक्याला, जे नाटकात नव्हतं.

मी त्यांच्यासाठी विंगेत बसले ती सगळी वर्षं माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर असायची. ती बोटं कधी हलली नाहीत. एकदाही नाही.

प्रयोगाच्या आधी ते पेज आणि भाजलेला पापड खायचे, दुसरं काही नाही. मग पडदा उघडायच्या बराच आधी रिकाम्या थिएटरात जायचे आणि शेवटच्या रांगेतल्या एकेका खुर्चीवर बसून बघायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खाली सामान तपासत असायचे. वरून विचारायचे, "बाय, काय बोललीस?" मी म्हणायचे, "काही नाही, मोजतेय." "मोज. हितं ऐकू येतंय." शेवटच्या रांगेत कोण बसतं, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "ज्याला पुढचं तिकीट परवडत नाय तो. आणि ज्याला गाडी पकडून परत जायचंय तो. दोघंही माझीच माणसं."

निवृत्त झाल्यावर काही दिवस ते रोज स्टँडवर जायचे. माइकवर आता रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज होता. ती बाई "राजापूर" असं म्हणायची की जणू ते परदेशात आहे. भाऊ खांबाला टेकून ऐकायचे आणि शेजारच्या प्रवाशाला हळू आवाजात दुरुस्ती सांगायचे. त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनीच शेवटी त्यांना थांबवलं. "लोक वेडे म्हणतील," त्या म्हणाल्या. "म्हणू दे," ते म्हणाले, "ती बाई पळू नका म्हणतच नाय. माणसं पडतायत."

सिनेमा आला तो या रिकाम्या दिवसांत.

दिग्दर्शक तिशीतला मुलगा. आई इकडची, तो वाढला मुंबईत. मोठी कंपनी पाठीशी नाही, मित्रांनी मिळून उभा केलेला सिनेमा. गोष्ट साधी होती. मुंबईला गेलेला मुलगा पुष्कळ वर्षांनी घरी येतो, बापाची कलमांची बाग विकायला. त्याला बाप हवा होता. आमच्या मंडळाची तालीम बघायला तो आला आणि तालमीनंतर भाऊंच्या समोर फोन धरून म्हणाला, "काका, एक वाक्य म्हणून दाखवाल? मुलगा दारात आलाय असं समजा."

मला वाटलं, आता फोन खाली जाईपर्यंत सगळे उभे. पण भाऊंनी विचारलं, "हे कोण बघणार?"

"सुरुवातीला महोत्सवात. मग कुठेही. कोणीही, केव्हाही."

भाऊ बोलले. वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. दिग्दर्शकाने फोन मागे घेतला.

"काका, एवढं नको. मी इथेच बसलोय."

घरी जाताना ते माझ्याबरोबर चालत होते. कोपऱ्यावर थांबले. मग म्हणाले, "बाय, नाटकात शेवटची रांग दिसते. सिनेमात ती दिसतच नाय, गो. किती लांब असेल?"

"तुम्ही तर डब्यात आवाज ठेवत नाही ना?"

"तो प्रयोगाचा चोरलेला आवाज. हा मुद्दाम दिलेला. यात फरक हाय." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "माझी नात उद्या म्हातारी होईल. ती बसेल त्या रांगेत. तिला ऐकू जायला पायजे."

तेव्हा मला समजलं, की हे त्यांच्यासाठी साधं काम नव्हतं. ज्या माणसाने काही ठेवलं नव्हतं, तो आता एक गोष्ट ठेवायला निघाला होता. आणि ती एकच असणार होती.

मग त्यांनी लहान बोलायची तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी मला समोर बसवायचे, हाताच्या अंतरावर. "आता शेवटची रांग तू." मी म्हणायचे, "मोठं झालं." ते पुन्हा म्हणायचे. "अजून मोठं." त्यांना घाम यायचा. नाटकात कधी एवढा आलेला मी बघितला नव्हता. वहिनी आतून ओरडायच्या, "काय मेलं चोरासारखं बोलताय! मला वाटतं घरात कोण शिरलं." हळूहळू आवाज खाली आला. खाली आला तेव्हा त्यात एक खरखर होती. आम्हाला वाटलं, बारीक बोलून घसा दमतो आहे. दिग्दर्शकाला ती खरखर फार आवडली. "काका, हे असंच ठेवा," तो म्हणाला. भाऊ खूश झाले.

शूटिंग पूर्णगडला, खाडीच्या वरच्या एका घरात. मे महिना. मला स्थानिक व्यवस्था बघायला नेलं होतं: पाणी, जेवण, भांडी, कोणत्या दृश्यात कोणतं ताट. मुख्य दृश्य घराच्या पडवीतलं. मुलगा येतो, उंबऱ्याशी उभा राहतो. बाप जेवणाचं ताट झाकून बसला आहे. तो मुलाकडे बघतो आणि म्हणतो, "भात निवला. ये, जेवून घे." बस. संहितेत याच्यापुढे बापाचं मोठं भाषण होतं. भाऊंनी दिग्दर्शकाला विचारलं होतं, "इतक्या वर्षांनी पोर आलं. आधी जेवायला घालायचा की भाषण द्यायचा?" दिग्दर्शकाने भाषण खोडलं.

तो शॉट मी ताटाजवळ, कॅमेऱ्याच्या मागे बसून बघितला. मुलगा दारात आला. भाऊंनी बघितलं. ते गप्प झाले. मी सवयीने त्यांच्या हाताकडे बघितलं. हात ताटावरच्या झाकणावर होता, स्थिर. मग त्यांनी झाकण काढलं आणि ते वाक्य म्हणाले. त्या बाप-लेकांमधली सगळी वर्षं कुणीतरी बाजूला सरकवली असं वाटलं. दिग्दर्शक "कट" म्हणायचा विसरला. शेवटी म्हणाला.

आवाज घेणारी एक मुलगी होती, कानावर मोठे हेडफोन. ती उठून आली. वारा फार होता, खाली होड्यांची इंजिनं चालू होती. पुन्हा शॉट घ्यायला उजेड उरला नव्हता, आणि घर दुसऱ्या दिवशी सोडायचं होतं.

"काका, चित्र सुंदर आलंय. आवाजात वारा शिरलाय. आपण आत खोलीत बसू, दारं लावून घेऊ. नुसती वाक्यं म्हणा. कॅमेरा नाही. एवढंच करायचं."

"आता?"

"आत्ताच. सूर ताजा आहे तोवर."

"यांनी कट म्हटलं ना?" भाऊंनी दिग्दर्शकाकडे बोट केलं. "मग पडदा पडला, पोरी."

"सिनेमात पडदा नसतो काका."

"मग कट म्हणजे काय?"

 मी मध्ये पडले. "भाऊ, करून टाका. काम हातावेगळं होईल."

"बाय, मगाशी ते पोर समोर उभं होतं. त्याला बघून आलं तोंडात. आता कुणाला जेव म्हणू? दाराला?" मग त्या मुलीकडे वळून, समजुतीच्या स्वरात, "मुंबईला डबिंग असतं ना? तिथं पडद्यावर तो परत समोर येईल. म्हणजे नवा खेळ. तेव्हा म्हणेन. वाटेल तितक्यांदा म्हणेन."

दिग्दर्शकाने मान डोलावली. डबिंग पावसाळ्यानंतर ठरलंच होतं. मुलगी हेडफोन गळ्यात घेऊन तशीच उभी होती.

"मला भीती वाटते काका."

"कसली गो?"

"काही नाही. वाऱ्याची."

भाऊ हसले. तिला पेज घ्यायला बसवलं.

पावसाळा संपत आला तरी खरखर गेली नाही, वाढली. गिळताना दुखू लागलं. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पुढच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि शेवटी मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. कोणत्या फायली बरोबर घ्यायच्या, मुक्काम कुठे, रक्त कोण देणार, ही सगळी यादी मी केली. माझ्या याद्या अशा वेळी फार उपयोगी पडतात. घशात गाठ होती. ती काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. डॉक्टरांनी हे भाऊंना समोर बसवून सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर वहिनींना कुजबुजत म्हणाले, "जीव ठेवतायत. आवाज घेतायत." आणि मला, "त्या पोराला फोन कर. म्हणावं, डबिंग आधी घेता येईल काय बघ."

मी फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी स्टुडिओ मिळवायला निघाला. पण भाऊंना तोवर कुजबुजण्यापलीकडे काही बोलता येत नव्हतं, आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते.

ऑपरेशननंतर त्यांना पाटी आणून दिली, खडू दिला. त्यांनी वापरली नाही. काय हवं ते हातांनी, चेहऱ्याने सांगायचे. वहिनींशी या पद्धतीने त्यांचं पूर्वीपेक्षा जास्त बोलणं व्हायचं. एकदा मी गेले तेव्हा कालवणात कोकम कमी पडलंय हे ते चेहऱ्याने सांगत होते आणि वहिनी भांडत होत्या, "कमी नाय! तुमचं तोंडच गेलंय!" मग दोघंही एकदम थांबली. मी भांडी आवरायला आत गेले.

दिग्दर्शकाने मला विचारलं, त्यांचा कुठे आवाज असेल का? कुठलाही. जुळवून बघता येईल. मी शोधला. मंडळाचे जुने सभासद, स्पर्धेचे लोक, स्टँडवरचे कर्मचारी, लग्नाचा व्हिडिओ काढणारा. आश्रयदात्यांच्या मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीवर वरून बँडचा आवाज चढवलेला होता, भाऊंचे ओठ होते. दिग्दर्शकाच्या फोनवरचं ते पहिलं वाक्य इतकं मोठं होतं की फाटून गेलं होतं, आणि शूटिंगच्या बाकी दिवसांच्या आवाजातही वाराच होता. दुसरं काही नाही. सगळ्या रत्नागिरीने तो आवाज ऐकला होता आणि एकाकडेही तो नव्हता. आवाज घेणाऱ्या मुलीने पडवीतला तो तुकडा मला पाठवला. वारा, वाऱ्यात इंजिनं, आणि खूप खोल, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं काहीतरी. मी तो भाऊंना ऐकवला. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

शेवटी दुसऱ्या नटाचा आवाज घालायचं ठरलं. दिग्दर्शक ते सांगायला स्वतः आला. पायरीवर बसून रडला. भाऊंनी त्याच्या पाठीवर थोपटलं, मग उठून आतून ताट आणलं, झाकण काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तो जेवला.

सिनेमा बाहेर दोन-तीन ठिकाणी दाखवला गेला. लोकांनी बापाचं फार कौतुक केलं. मग तो रत्नागिरीत आला, आम्ही प्रयोग करायचो त्याच थिएटरात. संध्याकाळचा खेळ. भाऊ पेज आणि पापड खाऊन आले, गळ्याला मफलर. सिनेमा सुरू व्हायच्या बराच आधी आम्ही पोचलो. ते एकटे चढत शेवटच्या रांगेकडे गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका खुर्चीवर बसले. मग मधल्या खुर्चीत बसले आणि आम्हाला हाताने बोलावलं. डावीकडे वहिनी, उजवीकडे मी.

थिएटर भरलं. अर्धी माणसं स्टँडवरून ओळखणारी. ती आवाज ऐकायला आली होती.

बाप पडद्यावर आला. भाऊंचाच चेहरा, तीच मान, बागेतून चालत येतानाचं तेच एक खांदा खाली ठेवून चालणं. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून दुसराच माणूस बोलला. चांगला आवाज होता. भारदस्त, गोल, शहरातला. त्या नटाने मनापासून काम केलं होतं. त्याचा काही दोष नव्हता. थिएटरात एक हालचाल झाली. आमच्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ह्यो त्या कंट्रोलरचा आवाज नाय."

"गप गो."

"नाय म्हणजे नाय. मी काय बहिरी हाय?"

मी भाऊंकडे बघायचं धाडस केलं नाही. समोर बघत राहिले. पडवीचं दृश्य आलं. मुलगा उंबऱ्याशी उभा राहिला. बाप गप्प झाला. ताटावर हात.

तेव्हा माझ्या डाव्या बाजूला काहीतरी हललं. मी खाली बघितलं. पडद्याच्या उजेडात भाऊंचा उजवा हात मांडीवर होता आणि दोन बोटं मांडीवर आपटत होती. एकदा. पुन्हा एकदा.

मी त्यांच्या कानाकडे वाकले आणि शब्द दिला.

"भात."

बोटं थांबली. त्यांनी तोंड उघडलं. पडद्यावरचा बाप आणि ते, दोघांचे ओठ एकदम हलले. भात निवला. ये, जेवून घे. पडद्यावरून त्या नटाने त्याचं वाक्य म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी ओठ बघत होते.

त्यानंतर बोटं पुन्हा हलली. मी पुन्हा पहिला शब्द दिला. सिनेमा संपेपर्यंत मी देत राहिले. सगळी वाक्यं मला पाठ होती. तालमीत शेवटची रांग मीच होते. पुढच्या म्हातारीने एकदा मागे वळून "शांत बसा हो" म्हटलं, मग भाऊंना बघितलं, आणि पुढे वळली ती पुन्हा वळली नाही.

दिवे लागले. लोक भोवती जमले, हात हातात घेऊ लागले. भाऊ सगळ्यांकडे बघून मान लववत होते. दोन्ही हात मांडीवर शांत होते.

बाहेर पायऱ्या उतरताना वहिनींनी माझा दंड धरला. "काय गो सांगत होतीस त्यांना सारखी? कानात?"

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी मफलर घट्ट केला आणि मान हलवली, नाही अशी.

"पुढच्या खेळाला सांगते, वहिनी," मी म्हटलं.

पुढच्या शिमग्याच्या आत भाऊ गेले. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी ती वाक्यं अजून तोंडातून काढलेली नाहीत.